होळकर संघाचा 1945–46चा हंगाम: धावफलक आपल्याला कुठवर नेतो?

क्रिकेटवर पीएच.डी. करता येते का, असं विचारणारे दर वर्षी भेटतात. येते. फक्त विक्रमांची यादी बाजूला ठेवून दुसरी साधनं धुंडाळायची तयारी हवी. हे का म्हणते ते एकाच हंगामावरून दाखवते. दुसरं महायुद्ध संपल्यानंतरचा पहिला रणजी हंगाम, 1945–46. विजेता संघ होळकर, गाव इंदूर, कर्णधार आपल्या नागपुरात जन्मलेले सी. के. नायडू.

आधी जे सगळ्यांना माहीत आहे ते पाहू. उपांत्य सामन्यात होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध 8 बाद 912 वर डाव घोषित केला. एकाच डावात सहा शतकं झाली: भांडारकर 142, सरवटे 101, जगदाळे 164, सी. के. 101, निंबाळकर 172 आणि प्रतापसिंग 100. रणजीतली ती सर्वोच्च धावसंख्या 1993–94 मध्ये हैदराबादने 944 करेपर्यंत टिकली. म्हैसूरने 190 आणि 509 धावा केल्या, तरी डाव आणि 213 धावांनी हरले. अंतिम सामन्यात बडोद्याला 56 धावांनी हरवून होळकरने पहिल्यांदा करंडक जिंकला. त्यात सी. के. यांनी 200 केल्या, वयाच्या पन्नासाव्या वर्षी!

बहुतेक लेख इथेच संपतात. आठ बाद म्हणजे दहा जण फलंदाजीला आले. सहा शतकवीरांच्या धावा 780, म्हणजे उरलेले चौघे आणि अवांतर मिळून 132. अशी बेरीज-वजाबाकी करून लेखक खूश, वाचकही खूश. मलाही हे आकडे आवडतात, खोटं कशाला बोलू. पण हे क्रिकेट-लेखन वाचताना मला सारखं खटकतं की त्यात फक्त जमेची बाजू असते. मी हे गांधीबागेत बसून लिहितेय. इथल्या ठोक कापडाच्या दुकानात नुसती जमा दाखवणारी वही घेऊन गेलात तर दुकानदार विचारेल, "भाऊ, नावे कुठे आहे?" होळकर संघाबद्दल तोच प्रश्न विचारायचा. ही माणसं वर्षभर खेळत होती, तर त्यांचं घर कशावर चालत होतं?

याचं उत्तर अर्धंमुर्धं सगळ्यांना माहीत असतं, पण ते किस्सा म्हणून सांगितलं जातं, पुरावा म्हणून कोणी वापरत नाही. 1923 मध्ये तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी सी. के. यांना इंदूरला बोलावलं आणि राज्याच्या सैन्यात कॅप्टनचा हुद्दा दिला. पुढे लोक त्यांना कर्नल म्हणून ओळखायला लागले. आता तुम्ही शोधनिबंध लिहिताय असं समजा. या माणसाला काय म्हणाल? हौशी? त्याला खेळण्याचे पैसे मिळत नव्हते, बरोबर. व्यावसायिक? खेळता आलं नसतं तर तो हुद्दा त्याच्याकडे आला असता का?

इंग्लंडमध्ये हा प्रश्न निदान कागदावर तरी दिसायचा. तिथे हौशी 'जंटलमन' आणि पगारी 'प्लेअर' हा भेद 1962 पर्यंत अधिकृत होता, आणि नावाची आद्याक्षरं आधी छापली की नंतर एवढ्यावरून धावफलक वाचणाऱ्याला माणसाचा वर्ग कळायचा. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या युद्धोत्तर हंगामावर काम करणाऱ्याकडे तर खेळाडूचा करारच असतो, त्याला क्लबशी बांधून ठेवणाऱ्या कलमासकट. आपल्याकडे सगळी नावं एकसारखी छापली जात. कागदावर भेद नाही म्हणून प्रत्यक्षातही नव्हता, असं मानून पुढे जाणं ही आपल्या क्रीडा-लेखनाची मोठी कमजोरी आहे.

मग धावफलक टाकून द्यायचा का? अजिबात नाही. तो वेगळ्या नजरेने वाचायचा. एका वर्षाआधीचा, 1944–45चा अंतिम सामना घ्या, मुंबई विरुद्ध होळकर. महूच्या छावणीत नेमणुकीला असलेला डेनिस कॉम्प्टन त्यात होळकरकडून नाबाद 249 खेळला आणि तरी संघ 374 धावांनी हरला. लोकांच्या लक्षात हा कॉम्प्टन राहतो. मला त्याच धावफलकात सी. के. यांचे धाकटे भाऊ सी. एस. नायडू दिसतात. दोन डाव मिळून 152.5 षटकं. सहाने गुणा आणि पाच मिळवा: 917 चेंडू. एका सामन्यात एका गोलंदाजाने. दिल्या 428 धावा, घेतले 11 बळी. हा विक्रम म्हणून छापला जातो. मी तो कामाचे तास म्हणून वाचते. एवढं काम कोणाकडून करून घेता येतं, आणि नाही म्हणायची सोय कोणाला असते? हेच सी. एस. बडोदा, होळकर, बंगाल अशा वेगवेगळ्या संघांकडून खेळले. ही यादी चरित्रात 'भटकंती' म्हणून येते. एखाद्या गिरणी कामगाराने अशी गावं बदलली असती तर आपण त्याला सरळ स्थलांतर म्हटलं असतं.

याच जागी आपल्या नागपुरी अभिमानालाही थोडं टोचायला हवं. 'सी. के. आपले' हे आपण छाती फुगवून सांगतो. जन्म 1895चा, नागपूरचा. शिक्षण हिस्लॉपचं. सगळं खरं. पण सव्वीस-सत्तावीस वर्षांचा हा माणूस गाव सोडून इंदूरला का गेला, हे त्या अभिमानाच्या गोष्टीत येत नाही. बरं, तो एकटाच नव्हता. हिरालाल गायकवाड नागपूरचे. सुरुवात मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या संघाकडून, नाव झालं होळकरकडून. चंदू सरवटे सागरचे, तेही आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडकडूनच खेळलेले. (सरवटे वकील होते आणि ठशांचे तज्ज्ञही. म्हणजे सगळ्यांची चूल एकाच पद्धतीने पेटत नव्हती.) आमच्या प्रांताने माणसं घडवली असं म्हणताना, आमच्या प्रांताला ती टिकवता आली नाहीत, हेही त्याच वाक्यात यायला पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, सोपं आहे मग, राजाश्रय हेच उत्तर. थांबा. मला या शब्दाची भीती वाटते, कारण तो लिहिला की लेखकाचं काम संपतं. 1944–45 ते 1954–55 या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा अंतिम सामन्यात पोचला आणि चार वेळा जिंकला: 1945–46, 1947–48, 1950–51, 1952–53. होळकर राज्य मे 1948 मध्ये मध्य भारतात विलीन झालं. म्हणजे चारपैकी दोन करंडक राज्य संपल्यानंतरचे आहेत! आश्रय देणारं राज्यच उरलं नाही, तरी संघ त्याच नावाने आणखी सहा-सात हंगाम खेळत राहिला. राजाश्रय हे पूर्ण उत्तर असतं तर 1948 नंतर संघ कोसळायला हवा होता. उलट बाजूही बघा. बडोद्यामागेही गायकवाडांचं राज्य होतंच, आणि त्याच बडोद्याने 1946–47च्या अंतिम सामन्यात 784 धावा करून होळकरला डाव आणि 409 धावांनी धुतलं. हजारे 288, गुल मोहम्मद 319. दोन्हीकडे दरबार, दोन्हीकडे पैसा. मग फरक कशाने पडला? चांगला प्रबंध या फटीत शिरतो.

अभ्यासकांबद्दलही एक तक्रार आहे. 1945–46 हाच मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेचाही शेवटचा हंगाम. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि इतर असे धर्मावर बेतलेले संघ त्यानंतर बंद झाले. रामचंद्र गुहांच्या 2002च्या 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड'चा भर त्या स्पर्धेवर आणि तिच्यातल्या जात-धर्माच्या राजकारणावर आहे. पुस्तक उत्तम आहे, क्रीडा-इतिहासात येणाऱ्याने ते आधी वाचावं. पण त्याच्या यशाचा एक परिणाम असा झाला की क्रिकेटकडे समाजशास्त्राच्या नजरेने बघायचं म्हटलं की सगळे मुंबईला जातात, आणि रणजीचे हंगाम आकडेवाल्यांच्या वाट्याला राहतात. एकाच हिवाळ्यात एका प्रकारचा संघ संपतो आणि दुसऱ्या प्रकारचा संघ पहिल्यांदा अजिंक्य होतो. धर्मानुसार निवडलेला संघ आणि नोकरीने बांधलेला संघ. हे दोन शेजारी ठेवून वाचायला कोणाचीच हरकत नव्हती, तरी सहसा ते वेगवेगळ्या कपाटांत असतात.

आता अलीकडे येऊ. विदर्भाने पहिला रणजी करंडक 2017–18 मध्ये जिंकला, दिल्लीला 9 गडी राखून हरवून. मैदान कुठलं? इंदूरचं होळकर स्टेडियम. त्या विदर्भ संघात वसीम जाफर आणि गणेश सतीश बाहेरून आलेले, आणि अशा खेळाडूंना आज सगळे उघडपणे 'प्रोफेशनल' म्हणतात. 1946 मध्ये जी गोष्ट सैन्यातल्या हुद्द्याच्या आड होती, तिला आता बिनधास्त नाव आहे. त्या काळी नागपूरची पोरं इंदूरला जायची, आता मुंबई-बंगळुरूचे नागपूरला येतात. हा योगायोग गोड आहे म्हणून तुमच्या प्रबंधात घालू नका, गाइड काट मारतील. पण 'प्रोफेशनल' हा शब्द आपल्याकडे कधीपासून उघड झाला आणि त्याआधी त्या जागी कोणकोणते शब्द होते (हुद्दा, मानधन, नेमणूक), यावर एक अख्खं प्रकरण उभं राहू शकतं.

कोणाला हा विषय खरंच घ्यायचा असेल, तर सुरुवात क्रिकेटच्या पुस्तकांपासून करू नका. होळकर राज्याचे वार्षिक प्रशासन अहवाल छापले जात. त्यांतली सैन्य आणि खर्चाची प्रकरणं आधी काढा आणि संघातली नावं शेजारी ठेवा. त्याच काळात मध्य प्रांतातली सरकारी खाती, रेल्वे, नागपूरच्या गिरण्या खेळणाऱ्या पोराला काय देऊ करत होत्या, तेही बघा. हिरालाल गायकवाड नागपुरातच राहिले असते तर त्यांच्या हातात महिन्याला काय पडलं असतं, तो आकडा कुठल्याच धावफलकात नाही. तो आधी शोधा, सिनॉप्सिस नंतर लिहा.