शोकेस, शर्ट आणि रातपाळी

नाटकाला समीक्षक असतो, पुस्तकाला असतो, चित्रप्रदर्शनाला तर कधी कधी चित्रांपेक्षा समीक्षकच जास्त असतात. पण मुंबईतली पुरुषांच्या कपड्यांची दुकानं आणि मुंबईची रात्र, या दोन विषयांवर रीतसर समीक्षा कुणी लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. बायकांच्या साडीखरेदीवर आमच्याकडच्या विनोदी लेखकांच्या तीन पिढ्यांचा चरितार्थ चालला. पुरुषाचा शर्ट मात्र वाङ्मयात उपेक्षितच राहिला. ती उणीव भरून काढावी म्हणून हा प्रपंच.

माझी पात्रता विचाराल, तर मी बी. कॉम. आहे आणि गेली बावीस वर्षं तालुक्याच्या गावी बँकेच्या काउंटरमागे बसतो. काउंटरच्या काचेतून माणूस फक्त खिशापासून वर दिसतो. त्यामुळे शर्ट, कॉलर आणि खिशातलं पेन यावर माझा अधिकार मोठा आहे. पँटीविषयी मी काही बोलणार नाही. तो माझा प्रांत नव्हे.

प्रधान कार्यालयानं तीन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी मुंबईला बोलावलं. विषय होता, 'ग्राहकाशी सौजन्याने कसे वागावे'. प्रशिक्षण पाचला सुटायचं. मुक्काम लालबागला मामांकडे. निघताना सौभाग्यवतींनी बजावलं होतं, "मुंबईला चाललायत, तर एखादा बरा शर्ट घेऊन या. लग्नकार्यात माझ्या माहेरची माणसं मलाच विचारतात." म्हणजे दिवसा सौजन्य शिकायचं आणि संध्याकाळी ते दुकानादुकानांत तपासायचं, अशी आपोआपच सोय झाली.

सुरुवात कुलाब्यापासून केली. तिथलं 'चिराग दीन' हे दुकान म्हणजे शर्टांचं देऊळच. आमच्या लहानपणी गावात कुणी मुंबईहून आला आणि त्याच्या अंगात तिथला शर्ट असला, तर तो माणूस चार दिवस बटणं न लावता हिंडायचा. आतलं लेबल दिसावं म्हणून. अशा जुन्या वळणाच्या दुकानांची एक गोष्ट मला आवडते. विक्रेता तुमच्याकडे एकदा बघतो आणि तुमचा गळा, छाती आणि ऐपत एका नजरेत मोजतो. मग घड्या उलगडायला लागतो. वीस शर्टांचा ढीग पुढ्यात पडला की 'काही नको' म्हणायला जीभ रेटत नाही. आमच्या प्रशिक्षणवर्गात या प्रकाराला काहीतरी लांबलचक नाव होतं. इथे त्याला नाव नाही, नुसता ढीग आहे.

मग फॅशन स्ट्रीट. महात्मा गांधी रस्त्याच्या कडेनं शर्ट टांगलेल्या टपऱ्यांची ओळ. संवादलेखनाच्या दृष्टीनं मुंबईतला हा सर्वोत्तम रंगमंच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. "आठशे." "दोनशे." "साहेब, दोनशेला बटणं येतात." "मग बटणं राहू द्या." असा प्रवेश चार-पाच मिनिटं चालतो, नायक दहा पावलं निघून जातो, मागून हाक येते आणि सुखान्त होतो. दोन्ही पात्रांना शेवट आधीपासून ठाऊक असतो, तरी कुणी वाक्य गाळत नाही. हल्ली व्यावसायिक रंगभूमीवर इतकी शिस्त दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी लोअर परळच्या एका मॉलमध्ये गेलो. बरोबर मामा होते. "कुठं निघालास?" म्हणाले. मी जागा सांगितली. "चल, म्याबी येतो. लई दिवसांत त्या बाजूला गेलो न्हाई." मामा सातारकडचे. १९७२ साली गिरणीत बदली कामगार म्हणून लागले आणि पुढे साचेखात्यात कायम झाले. वय सत्तरीच्या पुढे. अंगात लेंगा, नेहरू शर्ट, पायांत चपला. या वेषात ते मॉलच्या सरकत्या जिन्यावर असे उभे राहिले, की जणू जिना त्यांच्यासाठीच चालू केला असावा.

दुकानाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर लिहिताना माझ्याच शुद्धलेखनाची पंचाईत होईल. पहिली टीका तिथल्या पुतळ्यांवर. आमच्या गावच्या कापडदुकानात पुतळा होता, त्याला गुलाबी गाल होते, मिशी होती, नाकाचा थोडा पोपडा उडालेला होता. पण तो माणूस होता. इथल्या एकाही पुतळ्याला डोकं नाही. मानेपर्यंत झकपक आणि वर काही नाही. किमतीची चिठ्ठी वाचल्यावर त्यामागचा विचार कळला. गिऱ्हाइकानंही डोकं घरी ठेवून यावं, अशी ती नम्र सूचना होती.

शर्ट २,९९९ रुपयांना. हा जो शेवटचा रुपया दुकानदार सोडतो, त्या एका रुपयाच्या औदार्यावर सबंध शहराचा व्यापार उभा आहे. काळ्या कपड्यातला एक पोरगा लगबगीनं आला. त्यानं माझ्याकडे बघून "सर, तुम्हाला स्लिम फिट नाही, रिलॅक्स्ड फिट," असं जाहीर केलं. पोट सुटल्याचं इतक्या सौजन्यानं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ट्रायल रूममध्ये तीन बाजूंनी आरसे. चाळिशी उलटलेल्या माणसाला त्याची पाठ दाखवू नये, असा एखादा कायदा हवा.

बाहेर आलो तर पोरगा म्हणाला, "सर, ईएमआय करून देऊ? सहा महिने, नो कॉस्ट." शर्ट हप्त्यानं! मी बँकेतला माणूस. आम्ही म्हशीला कर्ज देताना म्हैस हप्ते फिटेस्तोवर जगेल का, हे आधी बघतो. आणि बिनव्याजी म्हणाल, तर शून्य टक्के व्याज नावाची चीज अस्तित्वातच नसते, हे २०१३ साली रिझर्व्ह बँकेनंच लिहून ठेवलंय. व्याज कुठेतरी शिवलेलं असतंच. फक्त शिवण आतून असते.

पण खरी समीक्षा मामांनी केली. त्यांनी शर्टाचं टोक चिमटीत धरलं, अंगठ्यानं चोळलं, मग उजेडासमोर धरलं. साचेखात्यात ज्याचे दिवस गेले, तो कापड डोळ्यांनी बघत नाही, बोटांनी वाचतो.

"पोरा, ह्ये सुती म्हनून इकतोस?"

"अंकल, प्रीमियम कॉटन आहे."

"मिसळ हाय. आन् इणकर सैल हाय. दोन धुण्यांत कोपराला गोळे धरतील. कुठल्या गिरणीचं?"

पोरगा गोंधळला. असा प्रश्न त्याच्या प्रशिक्षणात नव्हता, माझ्याही नव्हता. त्यानं आतली चिठ्ठी उलटून वाचली. एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत थोडं पॉलिस्टर कबूल केलेलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'मेड इन बांगलादेश'. मामा काही बोलले नाहीत. शर्टाची घडी मात्र त्यांनी स्वतः घातली, आणि ती पोरानं घातलेल्या घडीपेक्षा सरस होती.

आता वाचकहो, इथे जरा इतिहास सांगणं भाग आहे. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावरांनी १८५४ साली ताडदेवला काढली. पुढे परळ-लालबागभर गिरण्या झाल्या. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. आमच्या बँकेत ज्या नोंदीचा निकाल लागत नाही, ती 'सस्पेन्स' खात्यात टाकतात. अडीच लाख संसार असे सस्पेन्स खात्यात पडले, आणि ज्या आवारांत कापड निघायचं त्या आवारांत कापड विकायचे मॉल, कचेऱ्या आणि दारूची दुकानं उभी राहिली. काही ठिकाणी चिमणी तेवढी राखलीय, शोभेला. धूर आता खाली, टेबलावर हुक्क्यातून निघायचा, तोही राज्यानं २०१८ साली बंद केला.

आणि ओघात आपण रात्रीवर आलो. 'नाइटलाइफ' हा शब्द वर्तमानपत्रात असा छापतात, की मुंबईला रात्र नुकतीच मंजूर झाली असावी. गिरणगावात तिसरी पाळी रात्री बाराला सुरू होऊन सकाळी सातला सुटायची. भोंगा व्हायचा, हजारो माणसं रस्त्यावर यायची, खानावळींत चुली पेटायच्या. एका खोलीत पंधरा-वीस जण राहायचे ते याच हिशोबावर, की निम्मे कामावर असतील. या शहराचं 'नाइटलाइफ' ते होतं, आणि त्याला प्रवेशमूल्य नव्हतं. उलट पगार मिळायचा.

हल्लीचं बघावं म्हणून आम्ही त्याच संध्याकाळी जवळच्याच एका जुन्या गिरणीच्या आवारात गेलो. कारण असं, की मामांचा नातू तिथल्या एका बारमध्ये वाढपी आहे. दारावर धिप्पाड रखवालदार. तो म्हणाला, "चप्पल अलाउड नाही." मी मामांकडे पाहिलं. मामांनी त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "गाव कुठलं तुझं?" तो आमच्याच तालुक्यातला निघाला. चपलेचा विषय तिथंच संपला. दिवसभरात आमच्या तालुक्याची पत चालली ती या एका दारात.

आत अंधार. पदार्थांची यादी मोबाइलच्या उजेडात वाचावी लागते. बहुधा किमती एकदम दिसू नयेत म्हणून. मसाला शेंगदाणे ३२५ रुपये. एवढ्यात गावी पोतं नाही, तरी बऱ्यापैकी पिशवी येते. संगीत कानाऐवजी पोटात वाजत होतं. लोक एकमेकांशी बोलत नव्हते, शक्यच नव्हतं. ओठांच्या हालचालीवरून जेवढं कळेल तेवढं कळत होतं. कायद्याप्रमाणे म्हणाल तर १९४९ चा दारूबंदीचा कायदा महाराष्ट्रात अजून जागेवर आहे; पिणाऱ्याला परवाना लागतो. त्या अंधारात माझ्याखेरीज ही माहिती कुणाला असेल असं दिसलं नाही. मी लिंबू-सोडा घेतला, त्याला परवाना लागत नाही.

मामा मात्र बसेनात. ते भिंतीभिंतीनं फिरत होते. नातू जवळ आला. "आजोबा, बसा ना. मॅनेजर बघतोय."

"मागचं दार कुठं हाय?"

शेजारीच कमला मिल आहे. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर तिथं गच्चीवरच्या बारला आग लागली आणि १४ माणसं गेली. त्या रात्री नातू दुसरीकडे कामाला होता, हे मामांना पहाटे कळलं. तोवर ते लालबागहून चालत तिथपर्यंत जाऊन आले होते. "गिरणीत कापूस," मामा मला म्हणाले, "ठिणगी पडली की खाता जायचा. दार मोकळं नसलं तर मुकादमाला आमी सोडत न्हवतो."

मागचं दार स्वयंपाकघराच्या बोळात होतं. दारावर हिरव्या दिव्यात 'एक्झिट' लिहिलेलं, आणि दारासमोर बाटल्यांची खोकी छातीएवढी रचलेली. माझा प्रांत छातीपासून वरचा. पण खोकी खालपासून उचलावी लागतात. मामांनी पहिलं उचललं. नातू लाजून "अहो आजोबा, अहो काका," करत राहिला. मॅनेजर आला, हातवारे केले. संगीतात काही ऐकू आलं नाही, आणि मामांना तर तसंही ऐकायचं नव्हतं. बारा खोकी आम्ही दोघांनी पलीकडच्या भिंतीला लावली. तेरावं मॅनेजरनं उचललं. मामांनी दाराची कडी दोनदा उघडून पाहिली आणि मग येऊन बसले. शेंगदाणे खाल्ले. "खवट हायेत," म्हणाले.

तर समीक्षकाचा निकाल असा : प्रकाशयोजना वाईट, संगीत असह्य, नेपथ्यात निघायची वाट नाही. जानेवारी २०२० मध्ये सरकारनं दुकानं आणि खाणावळी चोवीस तास उघड्या ठेवायला मान्यता दिली, बारना मात्र दीडची मर्यादा ठेवली. इकडे लोकल एकच्या सुमारास थांबते, ती पहाटे चारनंतर सुरू होते. म्हणजे दीडला जो बाहेर पडतो तो गाडीवाला तरी असतो, नाहीतर तिथला वाढपी. मुंबईची खरी चांगली रात्र मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर फुकट मिळते, आणि सायकलवरून चहा विकणाऱ्याकडे कटिंगच्या भावात. तिथं बोललेलं ऐकूही येतं.

शर्टाचं काय, ते सांगायचं राहिलं. तिसऱ्या दिवशी मामांनी मला मंगळदास मार्केटात नेलं. अकरा दुकानांत अकरा ताग्यांची टोकं चोळली आणि बाराव्यात फिकट निळं सुती घेतलं. शिलाई गावच्या शिंप्याकडे. सौभाग्यवती विचारतील, "मुंबईहून शर्ट आणायला सांगितलं तर हे नुसतं कापड?" त्याचं उत्तर गाडीत सुचेल.

नातू मात्र बारमधून निघून चालत घरी पोचला तेव्हा साडेतीन वाजले होते. बरोबरचे दोघे नालासोपाऱ्याचे, ते पहिल्या लोकलची वाट बघत स्टेशनात बसले होते म्हणे. मामा उठले, गादी मोकळी केली, आणि तो तिथंच आडवा झाला. मामांनी चहाचं आधण ठेवता ठेवता विचारलं,

"खोकी परत लावली का रं दाराला?"

"चार लावली, आजोबा. जागाच नाही."

"उद्या कोन हाय दारावर? आपलाच गाववाला ना?"

"हो."

"मग येतो," मामा म्हणाले.