स्फूर्तिदेवतेच्या नावावर काय जमा होतं?

गाणं गाजलं की त्यामागची बाई शोधून काढायची, हा रसिकांचा जुना छंद. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात या छंदाचं आराध्यदैवत म्हणजे पॅटी बॉइड. जॉर्ज हॅरिसनचं ‘समथिंग’ (१९६९), एरिक क्लॅप्टनचं ‘लैला’ (१९७०) आणि ‘वंडरफुल टुनाइट’ (१९७७) ही तिन्ही गाणी तिच्यावरचीच, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं.

पॅटी तेव्हा हॅरिसनची पत्नी होती; पण त्याने पुढे सांगितलं ते वेगळंच. ‘समथिंग’ रचताना त्याच्या कानात रे चार्ल्सचा आवाज घुमत होता. सुरुवातीचे शब्द तर जेम्स टेलरच्या एका गाण्याच्या शीर्षकातून आलेले. बायकोआधी गाण्यानेच गाणं सुचवलं होतं!

‘लैला’ची कथा याहून बोलकी आहे. मित्राच्या पत्नीसाठी झुरणाऱ्या क्लॅप्टनला नाव मिळालं ते बाराव्या शतकातल्या निजामीच्या फारसी काव्यातून. ड्वेन ऑलमनच्या गिटारने गाण्याला धार दिली. आणि शेवटी तो दीर्घ, निवांत पियानो येतो, त्याचं श्रेय छापलं गेलं ड्रमर जिम गॉर्डनच्या नावावर. गायिका रिटा कूलिजचं म्हणणं असं, की ती चाल आपण गॉर्डनबरोबर बांधली होती. श्रेयनामावलीत मात्र आपलं नाव आलंच नाही. गाणं जिच्यावर लिहिलं ती अजरामर झाली आणि चाल बांधल्याचं जी सांगते तिला त्या चालीसाठी फारसं कोणी ओळखत नाही. स्फूर्तिदेवतेच्या कौतुकातली खरी गोम मला इथे दिसते. बाईने गाणं सुचवावं, हे सगळ्यांना मानवतं. तिने ते रचलं म्हटलं की पुरावे मागितले जातात.

लेनर्ड कोहेनची ‘सुझान’ म्हणजे माँट्रियलची नर्तिका सुझान व्हर्डाल. या गाण्याचे हक्क कोहेनच्या हातून निसटले, ही हकीकत हळहळून सांगितली जाते. जिचं घर, जिचा चहा, जिचा नदीकाठ गाण्यात आला, तिचा त्यावर काही हक्क होता का, हा प्रश्न सहसा निघत नाही.

टेलर स्विफ्टने बाजू उलटवली. आता लिहिणारी ती आणि शोध पुरुषांचा. ऐकण्याची तऱ्हा मात्र तीच. ‘ऑल टू वेल’ दहा मिनिटांचं होऊन २०२१ मध्ये आलं, तेव्हा कथनाच्या बांधणीपेक्षा गाण्यातल्या एका स्कार्फची चर्चा जास्त झाली. हा रसास्वाद नव्हे, पंचनामा.

आपल्याकडे शांता शेळके यांच्या ‘तोच चंद्रमा नभात’मागे कोण, असं विचारलं तर उत्तर मिळतं शीलाभट्टारिका, म्हणजे संस्कृतातली एक कवयित्री आणि तिचा एक श्लोक. त्या श्लोकात बोलते ती स्त्री. शांताबाईंनी तो उद्गार पुरुषाच्या तोंडी दिला आणि सुधीर फडके यांनी त्याला चाल लावून तो स्वतः गायला. दोन कवयित्रींमधल्या या देवाणघेवाणीत कोणाच्या प्रेमप्रकरणाचा शोध घ्यावा लागत नाही; श्लोक आणि गाणं शेजारी ठेवून वाचावं लागतं.