जन्म की यातना?

बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलिया चर्चचं तिकीट ऑनलाइनच काढावं लागतं. आधी तारीख, मग वेळ. मनोऱ्यावर जायचं असेल तर वर आणखी पैसे, आणि एका प्रश्नाचं उत्तर: नेटिव्हिटी की पॅशन? एका तिकिटावर दोन्ही मिळत नाहीत. इथलं ‘पॅशन’ म्हणजे आपण बायोडेटात लिहितो ते नव्हे. येशूचं पकडलं जाणं, छळ आणि क्रुसावरचं मरण, हे सगळं मिळून पॅशन. म्हणजे वेबसाइट तुम्हाला विचारत असते, जन्माच्या बाजूने वर जाणार की यातनांच्या?

हा प्रश्न घेऊन मी दोन रात्री बसले होते. मी जर्मनीत उल्मला शिकत होते आणि आई सांगलीहून तीन आठवड्यांसाठी आली होती. तिने तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या मुलांची स्थिरचित्रं तपासून तपासून तिची नजर अशी झालीय, की हॉटेलातल्या भिंतीवरच्या चित्राचीही सावली कुठल्या बाजूला पडलीय ते ती आधी बघते. चार दिवस बार्सिलोना, त्यातली एक सकाळ या चर्चसाठी, असं ठरलं होतं.

इंटरनेटवर या प्रश्नाची उत्तरं ढिगाने आहेत आणि सगळी एकाच गोष्टीबद्दल आहेत: वरून काय दिसतं. जन्माच्या बाजूने समुद्राकडचा भाग दिसतो, दोन मनोऱ्यांना जोडणारा छोटा पूलही आहे. यातनांच्या बाजूने शहर दिसतं. फोटो कुठून चांगला येतो, गर्दी कुठे कमी. पण ज्या भिंतीवर आपण चढणार ती भिंत काय आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. मनोऱ्यावर चढल्यावर त्या इमारतीतली नेमकी तीच भिंत दिसायची बंद होते. मग निवडायचं कशावरून?

जन्माची बाजू म्हणजे अंतोनी गौदीची बाजू, असं समजतात. चर्चचा पहिला दगड १८८२ साली बसला तो दुसऱ्याच वास्तुकाराच्या, व्हिलारच्या, आराखड्यानुसार. पुढच्याच वर्षी काम तिशीतल्या गौदीकडे आलं आणि उरलेली त्रेचाळीस वर्षं तो त्यात राहिला. ही भिंत लांबून वितळल्यासारखी दिसते. जवळ गेलं की कळतं, तिच्यात मोकळी जागाच सोडलेली नाही. पानं, पक्षी, कोंबड्या, वाद्यं वाजवणारे देवदूत. दारापाशी दोन खांब दोन कासवांच्या पाठीवर उभे आहेत, समुद्राकडचं कासव समुद्रातलं आणि डोंगराकडचं जमिनीवरचं. गौदी जिवंत माणसांचे आणि जनावरांचे प्लास्टरचे साचे काढून त्यांवरून मूर्ती करून घेत असे. म्हणून इथल्या चेहऱ्यांत एक शेजारीपण आहे, ते मला आवडतं. भिंत मात्र पूर्ण आवडत नाही. ती फार बोलते. लग्नातला एखादा हौशी मामा जसा प्रत्येक पाहुण्याची ओळख करून देत सुटतो, तसं काहीसं.

पलीकडे यातनांची बाजू. इथे सगळं सोलून काढलंय. तिरपे खांब हाडांसारखे ताणलेले, मूर्ती कोनाकोनांच्या आणि भिंत जवळजवळ उघडी. ही बाजू बघून माणूस घाबरावा अशी गौदीची इच्छा होती आणि १९११ साली आजारपणात त्याने तिचा आराखडा काढला होता. मूर्ती मात्र झुझेप मारिया सुबिराक्स याच्या. त्याने १९८७ साली काम सुरू केलं ते एका अटीवर: मी गौदीची नक्कल करणार नाही. त्याच्यावर टीकेचा पाऊस पडला. क्रुसावरचा येशू नग्न आहे यावरून तर वेगळीच ओरड झाली. त्याची व्हेरोनिका मला विसरता येत नाही. येशूचा चेहरा उमटलेलं कापड तिने दोन्ही हातांनी धरलंय, आणि तिला स्वतःला चेहराच नाही, नुसता गुळगुळीत दगड.

माझं मत तिकीट काढण्याआधीच तयार होतं: ही बाजू जास्त प्रामाणिक. मेलेल्या माणसाच्या हस्ताक्षरात पुढचं पान लिहिण्यापेक्षा आपल्या अक्षरात लिहावं.

हा वाद जुना आहे. १९२६ च्या जूनमध्ये ट्रामच्या धडकेने गौदी गेला. मळक्या कपड्यांवरून लोकांना तो भिकारी वाटला होता. १९३६ साली यादवी पेटली तेव्हा त्याची कार्यशाळा जाळली गेली, नकाशे गेले, प्लास्टरच्या प्रतिकृतींचा चुरा झाला. थोड्याच काळात बार्सिलोनात आलेल्या जॉर्ज ऑर्वेलने ही जगातल्या सर्वात कुरूप इमारतींपैकी एक ठरवली आणि संधी असून ती उडवली नाही म्हणून अराजकवाद्यांची रुची वाईट, असंही लिहून ठेवलं. १९६५ साली ल कॉर्ब्युझिए, ब्रूनो झेवी यांच्यासारख्यांनी वर्तमानपत्रात पत्र दिलं, की बांधकाम थांबवा. त्यांचा मुद्दा मला अजूनही वजनदार वाटतो. आराखडा जळालाय आणि कर्ता मेलाय, मग तुम्ही बांधताय ते कोणाचं?

मी हे सगळं आईला जेवताना सांगितलं. तिचा पहिला प्रश्न वेगळाच होता. “पोप येऊन पूजा करून गेला म्हणतेस २०१० ला, आणि काम अजून चालूच आहे? मग वास्तुशांत आधी कशी केली?” दुसरा प्रश्न मात्र माझ्या मतालाच लागला. “पण जन्माच्या बाजूचं तरी सगळं त्याने केलंय का?”

नाही केलेलं. गौदीच्या हयातीत फक्त एकच मनोरा पूर्ण झाला, संत बार्नाबासचा, १९२५ च्या नोव्हेंबरात. त्या बाजूचे उरलेले तीन त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या सहकाऱ्यांनी १९३० पर्यंत उभे केले. दारावरचे वाद्यं वाजवणारे देवदूत एत्सुरो सोतो या जपानी शिल्पकाराचे. तो १९७८ साली इथे आला आणि राहिलाच. उलट यातनांच्या बाजूचे मनोरे, ते १९७६ पर्यंत झाले, आकाराने गौदीचेच आहेत. म्हणजे वेबसाइटचा प्रश्न मी ‘गौदी की दुसरा कोणी’ असा वाचत होते तो मुळात तसा नव्हताच. शुद्ध गौदी हवा असेल तर असं तिकीटच नाही.

हे मला आधी सुचायला हवं होतं, कारण मी उल्ममध्ये राहत होते. उल्मच्या चर्चचा पाया १३७७ साली घातला. १५४३ साली काम थांबलं आणि मनोरा तीनशे वर्षं अर्धवट राहिला. मग एकोणिसाव्या शतकात लोकांनी जुन्या चित्राचा आधार घेऊन, त्यात आपली भर घालून, १८९० साली तो १६१.५३ मीटरवर नेला. मी त्याच्या ७६८ पायऱ्या पायी चढलेय, आणि कितव्या पायरीनंतर ‘खोटं’ सुरू होतं असा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नाही. बार्सिलोनाच्या मनोऱ्यांना मी तो विचारत होते, कारण त्यांचा कर्ता माझ्या पणजोबांच्या काळातला. ३० ऑक्टोबर २०२५ ला साग्रादा फामिलियाने उल्मला उंचीत मागे टाकलं. मधला येशूचा मनोरा १७२.५ मीटरचा. शेजारची मोंजुईक टेकडी याहून थोडी उंच आहे, कारण माणसाचं काम देवाच्या कामाहून वर जाऊ नये असं गौदीचं म्हणणं होतं.

मग माझी तक्रार उरते का? उरते, पण जागा बदलून. मधल्या नव्या मनोऱ्यांचे दगडी तुकडे संगणकावर आखून, शहराबाहेर जोडून आणले आणि क्रेनने चढवले. हिशोब अचूक आहे, आणि डोळा त्यांवर कुठेच अडकत नाही. सोतो आणि सुबिराक्स यांच्या मूर्ती आवडोत न आवडोत, तिथे कोणीतरी छिन्नी थांबवून विचार केलाय ते दिसतं. दुसरी तक्रार जास्त गंभीर. मुख्य दाराची बाजू अजून व्हायची आहे. तिच्यासमोर मोठा जिना हवा म्हणून रस्त्यापलीकडची राहती घरं पाडावी लागतील, आणि तिथले रहिवासी विरोध करतायत. गौदीचा मान राखायचा म्हणून जिवंत माणसांनी घर सोडायचं, हे मला पटत नाही. मनोऱ्याचं तिकीट विकणाऱ्या पानावर या बाजूची निवड नसते, त्यामुळे हा प्रश्न पाहुण्यापर्यंत पोचतच नाही.

ठरवताना शेवटी कला बाजूलाच राहिली. वर लिफ्टने नेतात आणि खाली अरुंद गोल जिन्याने शेकडो पायऱ्या उतरून यायचं. सहा वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत. आईच्या गुडघ्यांना बंदी नव्हती, पण उतरणं त्यांना झेपलं नसतं. “मी खाली बसते, तू जा,” ती म्हणाली. मी एकटीसाठी जन्माची बाजू घेतली. जिथे मला भिंत जास्त बोलकी वाटते तिथेच चढावं, म्हणजे ती न दिसल्याचं दुःख नाही, असा माझा हिशोब.

आत शिरल्यावर तो हिशोब काही वेळ कुठे गेला कळलंच नाही. खांब झाडांसारखे वर जाऊन फांद्या फुटतात हे फोटोत शंभरदा पाहिलं होतं. पूर्वेच्या खिडक्या निळ्या-हिरव्या, पश्चिमेच्या लाल-केशरी, हेही माहीत होतं. सकाळ होती म्हणून जमिनीवर निळा उजेड होता आणि माणसं त्यात चालत होती. गौदीने हे पाहिलेलं नाही. या काचा झुआन व्हिला-ग्राउच्या. माझ्या मते अख्ख्या इमारतीतली सर्वोत्तम गोष्ट ही, आणि ती १९६५ च्या पत्राचं ऐकलं असतं तर झाली नसती. ऑर्वेलला काय वाटलं असतं माहीत नाही. आई म्हणाली, “वॉश बघ,” आणि गप्प झाली. शाळेत एखाद्या मुलाचा रंग कागदावर स्वच्छ पसरला की ती हेच म्हणायची.

वर वारा होता. छोट्या पुलावरून मी क्रेन पाहिल्या, शिखरांवरची रंगीत फळं पाहिली, समुद्राची पट्टी पाहिली. गोल जिना उतरताना पुढचा माणूस दर दोन वळणांनी फोटोसाठी थांबत होता.

मी बाहेर आले तेव्हा आई यातनांच्या बाजूला बसून माझ्या वहीच्या मागच्या पानावर चित्र काढत होती. व्हेरोनिका नाही, मूर्ती नाही, तिरप्या खांबांपैकी एकच खांब.

“तुला वरून काय दिसलं?” तिने विचारलं.

मी फोन दिला. त्रेसष्ट फोटो होते. तिने पाचसहा बघून परत केला आणि म्हणाली, “आता जरा सरक, सावली माझ्या कागदावर पडतेय.”