चलगती मोटर आणि तोलाचा काटा : व्यत्ययविचाराचे एक परीक्षण

उद्योगधंद्यांत परिवर्ती वेगाने चालणाऱ्या मोटरींचा प्रसार गेल्या काही दशकांत झपाट्याने झाला. त्यांच्यापासून उद्भवणाऱ्या विद्युत् व्यत्ययाच्या निवारणाविषयीचे वाङ्मयही विपुल आहे. त्यात मानके आहेत, उत्पादकांच्या मार्गदर्शिका आहेत, पाठ्यपुस्तकातील प्रकरणेही आहेत. परंतु या सर्व वाङ्मयाचा दृष्टिकोन बहुधा कारखान्याचा असतो. एक मालक, एक रोहित्र, एक अभियंता आणि त्याच्या अखत्यारीतील सर्व यंत्रे, असे चित्र गृहीत धरून ते लिहिलेले असते. हे गृहीत जेथे लागू पडत नाही अशा स्थळी त्या विचाराची कसोटी पाहणे उद्बोधक ठरते. पुण्यातील गुलटेकडीचे श्रीछत्रपती शिवाजी मार्केट यार्ड हे तशा प्रकारचे स्थळ होय.

मार्केट यार्डात गूळ-भुसार, फळे, भाजीपाला, फुले असे विभाग आहेत आणि प्रत्येक विभागात गाळ्यास गाळा लागून आहे. अशा बाजारपेठेत शीतगृहाचे संपीडक, फळे पिकविण्याच्या खोल्यांतील पंखे, पाण्याचे पंप, उद्वाहने यांना चलगती नियंत्रक, म्हणजे व्यवहारात ज्याला ‘ड्राइव्ह’ म्हणतात तो, बसविणे स्वाभाविक असते. त्याच बाजारात, भिंतीपलीकडे, विजेच्या काट्यावर माल तोलला जातो. तोलणाराने वाचलेला आकडा शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीवर उतरतो आणि त्या आकड्यावर त्याची रक्कम ठरते. तेव्हा येथे व्यत्ययाचा प्रश्न केवळ यंत्राच्या सुखरूपतेचा राहत नाही. तो न्याय्य मापाचा प्रश्न होतो.

प्रथम ‘व्यत्यय’ या शब्दाचाच विचार केला पाहिजे. या एका शब्दाखाली तीन भिन्न घटना एकत्र केल्या जातात. पहिली घटना प्रसंवादी प्रवाहांची. त्रिकला विजेवर चालणाऱ्या नियंत्रकाच्या मुखाशी सहा-स्पंदी एकदिशकारक असतो. तो वाहिनीतून पाचव्या, सातव्या, अकराव्या, तेराव्या क्रमाचे, अर्थात् २५०, ३५०, ५५० व ६५० हर्ट्झचे प्रवाह ओढतो. लहान मोटरींचे नियंत्रक एककला विजेवर चालतात. त्यांच्यापासून निघणारा १५० हर्ट्झचा तिसरा प्रसंवादी तिन्ही कलांतून येऊन तटस्थ तारेत एकमेकांत मिळतो. दुसरी घटना नियंत्रकातील अर्धवाहक स्विचांच्या उघडझापीची. तिची कंप्रता साधारणतः २ ते १६ किलोहर्ट्झ असते. तिसरी घटना त्या प्रत्येक उघडझापीच्या तीव्र कडांची. तिचा प्रभाव कित्येक मेगाहर्ट्झपर्यंत पोहोचतो. पहिलीने रोहित्र तापते, तिसरीने रेडिओ खरखरतो, आणि दुसरीविषयी, जसे पुढे दिसेल, मानके दीर्घ काळ मौन पाळून होती. तिन्हींवर एकच उपाय सांगणे म्हणजे सर्व ज्वरांवर एकच काढा देण्यासारखे होय.

शिवाय ‘व्यत्यय’ म्हटले की काहीतरी आगंतुक, अपघाती असे सूचित होते. वस्तुतः हे उत्सर्जन नियंत्रकाच्या कार्याचेच अंग आहे. ४१५ व्होल्टचा पुरवठा एकदिश केला असता सुमारे ५८७ व्होल्टचा शिखरदाब मिळतो. हा दाब ०·२ मायक्रोसेकंदात चालू-बंद होतो असे मानल्यास बदलाचा वेग मायक्रोसेकंदास सुमारे २,९०० व्होल्ट होतो. मोटरीची केबल व तिचा धातूचा परिसर यांमधील धारिता एक नॅनोफॅरड इतकी अल्प धरली, तरी प्रत्येक उघडझापीस सुमारे ३ अँपिअरचा क्षणिक प्रवाह भूमीकडे जातो. उघडझाप जितकी जलद, तितका नियंत्रकातील ऊर्जाक्षय कमी. म्हणजे ज्या गुणामुळे यंत्र कार्यक्षम ठरते त्याच गुणामुळे ते शेजाऱ्यास उपद्रवी होते.

आता दुसरी बाजू पाहावी. काट्याखालील लोडसेल सामान्यतः प्रतिव्होल्ट २ मिलिव्होल्ट इतका संकेत देतो. पाच व्होल्टच्या उत्तेजनास पूर्ण भाराचा संकेत १० मिलिव्होल्ट होतो. ३०० किलोग्रॅम क्षमतेच्या व १०० ग्रॅमच्या विभागांच्या काट्यात असे ३,००० विभाग पडतात. एका विभागाच्या वाट्यास फार तर ३·३ मायक्रोव्होल्ट येतात. भिंतीच्या एका अंगास शेकडो व्होल्टची उघडझाप आणि दुसऱ्या अंगास मायक्रोव्होल्टचे वाचन, असा हा विषम शेजार आहे.

या शेजाराचा परिणाम नेहमी डोळ्यांस दिसतोच असे नाही. आकडा थरथरत असेल तर तोलणार थांबतो, काटा हलवून पाहतो. परंतु उच्च कंप्रतेचा संकेत प्रवर्धकाच्या मुखाशी पोहोचला, तर तेथील अर्धवाहक संधी त्याचे अंशतः एकदिशकरण करू शकतात. मग थरथर नाहीशी होऊन स्थिर असे विचलन उरते. मोटर बंद असताना काटा शून्यावर आणला आणि माल ठेवल्यावर मोटर सुरू झाली, तर आकडा स्थिर दिसतो, पण तो खरा नसतो. कल्पना करावी की, २० किलोग्रॅमचा एक असे २०० क्रेट तोलले गेले आणि प्रत्येकी एका विभागाची घट एकाच दिशेने पडली. तर एकंदर तफावत २० किलोग्रॅमची, म्हणजे एका संपूर्ण क्रेटची होते. विचलन उलट दिशेचे असेल तर नुकसान खरेदीदाराचे. दोन्ही प्रसंगी लबाडी कोणाचीच नसते, आणि म्हणूनच तक्रार कोणाविरुद्ध करावी हेही कळत नाही.

प्रचलित उपायांत सर्वाधिक प्रतिष्ठा ‘चांगल्या अर्थिंग’ला आहे. हा उपदेश चुकीचा नाही, पण अपुरा आहे आणि त्यामागील कल्पना सदोष आहे. जमीन म्हणजे नको असलेला प्रवाह ओतून देण्याची मोरी नव्हे. प्रत्येक प्रवाहास आपल्या उगमाकडे परतावे लागते. नियंत्रकातून भूमीकडे गेलेला प्रवाह रोहित्राच्या भूसंपर्कित तटस्थ बिंदूमार्गे, पुरवठ्याच्या तारांतून, पुन्हा नियंत्रकात येतो. रोहित्र सामाईक असेल तर हा परतीचा मार्गही सामाईक होतो. एखाद्या गाळ्याने आपला अर्थिंगचा खड्डा कितीही खोल खणला, तरी उच्च कंप्रतेस लांब तारेचा प्रवर्तनजन्य अवरोध इतका मोठा असतो की खड्ड्याच्या गुणाचा फारसा उपयोग होत नाही. खड्डा माणसाच्या सुरक्षिततेसाठी अनिवार्य आहे; काट्याच्या शुद्धतेसाठी मात्र परतीचा मार्ग आखूड करणे हेच खरे सूत्र. आवरणयुक्त केबल घेऊन तिचे आवरण नियंत्रक व मोटर या दोन्ही टोकांस संपूर्ण परिघाने जोडणे, आणि नियंत्रकाच्या मुखाशीच फिल्टर ठेवून प्रवाह तेथल्या तेथे परतविणे, हे उपाय त्या सूत्रातून निघतात. फिल्टरचीही एक अडचण आहे. त्यातील धारित्रे भूमीकडे थोडा गळती-प्रवाह सोडतात, त्यामुळे गळतीरक्षक यंत्रणा वारंवार तुटण्याचा संभव असतो. अशा वेळी फिल्टर काढून टाकण्याचा मोह होतो, आणि एका गाळ्याची सोय शेजारच्या गाळ्याच्या माथी बसते.

मानकांचे परीक्षण केले असता तीन उणिवा आढळतात. पहिली मोजमापाच्या स्थानाची. प्रसंवादींविषयीचे आयईईई ५१९ हे मानक १९८१ साली प्रथम निघाले व १९९२, २०१४ आणि २०२२ साली सुधारले गेले. त्याच्या मर्यादा ग्राहक व पुरवठादार यांच्या सामाईक जोडबिंदूस लागू होतात. वीजमंडळ व कारखाना यांच्या संबंधास ही रचना योग्य आहे; पण गाळा आणि गाळा यांच्या संबंधाविषयी तिला काही म्हणावयाचे नाही.

दुसरी उणीव परिसराच्या वर्गीकरणाची. चलगती यंत्रणांसाठीचे आयईसी ६१८००-३ हे मानक वसतिपरिसर व औद्योगिक परिसर असा भेद करते. वसतीस योग्य अशा दुसऱ्या वर्गाच्या यंत्रास १५० ते ५०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ७९ डेसिबेल-मायक्रोव्होल्ट, म्हणजे सुमारे ९ मिलिव्होल्ट, इतके उत्सर्जन क्षम्य आहे. औद्योगिक परिसराच्या तिसऱ्या वर्गातील शंभर अँपिअरपर्यंतच्या यंत्रास १०० डेसिबेल, म्हणजे १०० मिलिव्होल्ट. हा फरक अकरापटीचा आहे. बाजार हा घरही नव्हे आणि कारखानाही नव्हे. त्यास कोणत्या रकान्यात बसवावे हे ठरविणाराच्या लेखणीवर शेजारच्या काट्याचे भवितव्य अवलंबून राहते.

तिसरी उणीव सर्वांत गंभीर आहे. उपरोक्त मर्यादा १५० किलोहर्ट्झपासून सुरू होतात. इकडे काट्यांसाठीच्या ओआयएमएल आर ७६ या आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या २००६ च्या आवृत्तीतील वाहित रेडिओ-व्यत्ययाची चाचणीही तेथूनच सुरू होते. म्हणजे उपद्रवी यंत्र आणि पीडित यंत्र या दोहोंच्या परीक्षेत २ ते १५० किलोहर्ट्झचा पट्टा जवळजवळ कोरा राहतो, आणि नियंत्रकाची मूळ उघडझाप नेमकी त्याच पट्ट्यात असते. जलद स्पंदांची चाचणी शिफारशीत आहे, हे खरे. परंतु तिच्या परिचित पद्धतीत ५ किलोहर्ट्झचे स्पंद दर ३०० मिलिसेकंदांत केवळ १५ मिलिसेकंद दिले जातात. नियंत्रक मात्र अखंड स्पंद देत राहतो. २०१४ साली आलेल्या आयईसी ६१०००-४-१९ या मानकाने या पट्ट्यासाठी चाचणी सुचविली. तेव्हा उणीव अज्ञात होती, असेही म्हणता येत नाही.

या टीकेवर एक आक्षेप संभवतो. चलगती मोटरीचा लाभ मोठा आहे. पंख्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असल्यामुळे वेग ऐंशी टक्क्यांवर आणला की शक्ती सुमारे एक्कावन्न टक्क्यांवर येते. अशा यंत्रावर निर्बंध घालणे म्हणजे काट्यासाठी विजेची उधळपट्टी करणे नव्हे काय? आक्षेप विचारार्ह आहे, पण निर्बंध आणि शिस्त यांत भेद आहे. पुणे जिल्ह्यातच त्याचे उदाहरण आहे. खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जी महाकाय रेडिओ दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेने डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारली, तिच्या परिसरात उद्योगांवर मर्यादा आहेत आणि वीजवाहिन्यांवरील ठिणग्यांपासून होणारा व्यत्यय हुडकून दूर करणे हे तेथील नित्याचे कार्य आहे. तेथे क्षीण संकेतास वाली आहे. मार्केट यार्डातील लोडसेलचा संकेतही आपल्या परीने क्षीणच असतो. त्याच्यामागे वेधशाळा नाही, एवढाच फरक.

वैध मापन अधिनियम, २००९ अन्वये काट्यांची पडताळणी होते. प्रमाण वजने ठेवून काटा तपासणे हा तिचा गाभा आहे व तो योग्यच आहे. परंतु त्या क्षणी शेजारची मोटर बंद असेल, तर निर्दोष ठरलेला काटा दुसऱ्या दिवशी सदोष वाचन देऊ शकतो. यास्तव पडताळणी व्यवसायाच्या वेळी, परिसरातील मोटरी चालू व बंद अशा दोन्ही अवस्थांत व्हावी, हा पहिला निष्कर्ष. तोलताना शून्याची तपासणी माल ठेवण्यापूर्वी आणि उतरविल्यानंतरही व्हावी, हा दुसरा. त्यास प्रमाण वजनाच्या एका नगाखेरीज कोणताही खर्च नाही. आणि सामाईक रोहित्रावरील ड्राइव्ह, फिल्टर व केबली यांची नोंद गाळ्यागणिक न होता बाजारागणिक व्हावी, हा तिसरा.

व्यत्यय-निवारणाचे शास्त्र यंत्राकडून यंत्राकडे पाहण्यात प्रगत झाले आहे. ज्याचा माल तोलला जात आहे त्याच्याकडे पाहणे त्यास अद्याप शिकावयाचे आहे. प्राचीन ताजव्याला दांडी होती. ती कोणीकडे झुकली हे शेतकऱ्यास स्वतः पाहता येत असे. विजेच्या काट्याने अचूकता वाढविली, पण ते पाहणे हिरावून घेतले. जे डोळ्यांनी पाहता येत नाही त्याची हमी देण्याचे दायित्व मग शास्त्रावर आणि शासनावर येते. ते टाळून केवळ जोडबिंदूवरील आकडे नियमांत बसले म्हणून समाधान मानणे, हे शास्त्रीय वृत्तीस धरून नाही.