हजेरी आणि खासगीपणा : 'उचल्या'चे एक वाचन

भारतातील खासगीपणाच्या हक्काची चर्चा बहुधा दूरध्वनीपासून सुरू होते. फोन-टॅपिंगसंबंधीचा सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निर्णय, त्यानंतर आधार, २०१७ चा पुट्टस्वामी निकाल आणि २०२१ मधील पेगॅसस प्रकरण असा तिचा ठरलेला क्रम असतो. या क्रमात पाळतीला बळी पडणारा माणूस घर, पत्ता आणि टेलिफोन असलेला आहे. त्याच्यापाशी काहीतरी खासगी आधीपासून असते आणि शासन ते हिरावून घेते. मराठी साहित्यात मात्र पाळतीचे याहून जुने चित्रण उपलब्ध आहे, आणि ते ज्यांच्या झोपडीला धड दारही नव्हते अशा माणसांचे आहे. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) हे आत्मकथन त्या दृष्टीने पुन्हा वाचावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

'उचल्या'ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला आणि त्यावर लिहिलेही पुष्कळ गेले. परंतु दलित व भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांची आपली समीक्षा 'वेदना' आणि 'विद्रोह' या दोन शब्दांवर इतकी विसंबून राहिली की, या कथनातील शासनसंस्थेचा डोळा तिने 'पोलिसी अत्याचार' या एका सदरात टाकून दिला. मारहाण हा अत्याचार आहे, हे खरेच. तथापि मारहाण अधूनमधून होते. हजेरी रोजची असते.

लातूर तालुक्यातील धनेगाव हे या कथनाचे स्थळ. आपल्याला गाव नाही, जन्मतारीख नाही, घरदार नाही, अशा आशयाच्या नोंदीने लेखक प्रारंभ करतो. या प्रारंभाला 'अस्मितेचा शोध' म्हणण्याची प्रथा पडली आहे. त्यातील प्रशासकीय विसंगतीकडे सहसा लक्ष जात नाही. ज्याच्या जन्माची तारीख कोणी टिपून ठेवली नाही, त्याच्याच आजोबांना, लिंगप्पांना, पोलिसांकडे हजेरी द्यावी लागत असे. मूल जन्मले याची दखल नाही. म्हातारा कुठे आहे याची मात्र आहे. शासनाला ही माणसे दिसत नव्हती, असे आपण सहजपणे म्हणतो. वस्तुतः ती शासनाला एका विशिष्ट कारणासाठी फार स्पष्ट दिसत होती.

या दिसण्यामागे कायदा होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातीच जन्मतः गुन्हेगार म्हणून घोषित करण्याची सोय केली. १९११ च्या कायद्याने नोंदणी, बोटांचे ठसे, ठरावीक मुदतीने हजेरी आणि राहण्याच्या जागेतील बदलाची वर्दी ही व्यवस्था पक्की केली. धनेगाव त्या काळी हैदराबाद संस्थानात होते, तेथेही याच धर्तीचा कारभार होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या जाऊ लागल्या. पुढे १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसंबंधी स्वतंत्र कायदा केला. 'उचल्या'तील पोलीस स्वातंत्र्यानंतरही वस्तीवर येतात, झडती घेतात, बायकामाणसांनाही मारतात. वाचकाला राज्य बदलल्याची जाणीव या प्रसंगांतून होत नाही.

येथे साहित्याबाहेरचा एक दस्तऐवज शेजारी ठेवून पाहावा. उत्तर प्रदेशातील खडकसिंग यांना १९४१ मध्ये दरोड्याच्या गुन्ह्यात पकडून पुराव्याअभावी सोडण्यात आले. तरीही पोलिसांनी त्यांची हिस्ट्रीशीट उघडली. चौकीदार व शिपाई रात्री दार ठोठावतात, झोपेतून उठवतात, ठाण्यात नेतात आणि परगावी जायचे तर वर्दी द्यावी लागते, अशी त्यांची सर्वोच्च न्यायालयापुढे तक्रार होती. १९६२ च्या निकालात बहुमताने रात्रीच्या घरभेटी घटनाबाह्य ठरवल्या. खासगीपणा हा मूलभूत हक्क मात्र मानला नाही. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी भिन्नमतात खासगीपणा हा व्यक्तिस्वातंत्र्याचा आवश्यक घटक असल्याचे म्हटले. पंचावन्न वर्षांनी, पुट्टस्वामी निकालात, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने हाच पक्ष ग्राह्य धरला. म्हणजे आपल्या देशात खासगीपणाचा कायदेशीर विचार टेलिफोनच्या तारेवर जन्मला नाही. रात्री ठोठावलेल्या एका दारापाशी तो जन्मला, आणि ते दार पोलीस दप्तरी संशयित असलेल्या माणसाचे होते. खडकसिंग यांची तक्रार आणि 'उचल्या'तील प्रसंग यांत भाषेचा तेवढा फरक आहे.

पेगॅससची बातमी ताजी असताना द्वितीय वर्षाच्या वर्गात हा विषय निघाला. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, आमच्या वस्तीवर पोलीस फोन ऐकत न्हाईत. कोन कोन झोपलंय ते बॅटरी मारून मोजत्यात." वर्ग हसला, तो हसला नाही. त्या दिवशी प्रस्तुत लेखकाला पुढे काही शिकवता आले नाही.

एक प्रश्न येथे टाळता येत नाही. ज्या समाजाने पोलिसांपासून लपवून ठेवलेले एवढेच काय ते आपले म्हणून जपले, त्यातील एक जण उचलेगिरीचे तंत्र, धंद्यातले सांकेतिक शब्द, घरातील भूक आणि भांडणे छापून टाकतो, तेव्हा तोही खासगीपणाचा भंगच नव्हे काय? प्रस्तुत लेखकाच्या मते नव्हे. पण उत्तर सोपेही नाही. हिस्ट्रीशीट ज्याच्याविषयी लिहिली जाते, त्याला ती वाचायला मिळत नाही. आत्मकथनात तोच माणूस काय सांगायचे हे ठरवतो. मात्र तो एकट्याचे सांगत नसतो. आजोबा, आजी, भाऊ यांची संमती कोणी विचारलेली नसते. मराठी आत्मकथनांच्या समीक्षेने हा मुद्दा क्वचितच गंभीरपणे घेतला आहे.

उत्तरार्धात लातूरची सूतगिरणी, संघटना, मोर्चे येतात, तेथे कथन अहवालाकडे झुकते. शासन आता निवेदने देण्याचे ठिकाण होते. पूर्वार्धात प्रत्येक हालचालीमागे जाणवणारी त्याची नजर विरळ होते. ही कलात्मक उणीव आहे. निवेदन देणाऱ्या कार्यकर्त्याचे नावही कुठेतरी टिपले जात असते, ही शक्यता लेखकाने हाताळली असती, तर दोन्ही भाग जोडले गेले असते.

२०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने बोटांच्या ठशांबरोबर डोळ्यांच्या बुबुळांचीही नोंद घेण्यास मुभा दिली असून त्या नोंदी ७५ वर्षे जपण्याची तरतूद आहे. हिस्ट्रीशीटमध्ये मागास व वंचित समाजांतील निरपराधांची नावे केवळ पूर्वग्रहाने येऊ नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये बजावले आणि राज्यांना आपली धोरणे तपासण्यास सांगितले. आमच्याकडे पुट्टस्वामी निकाल राज्यशास्त्राच्या तासाला शिकवला जातो आणि 'उचल्या' मराठीच्या. दोन्ही तासांना बसणारे विद्यार्थी पुष्कळदा तेच असतात.