शालिमारची सिंफनी, नरडाण्याचे श्रोते

वाद्यवृंदाच्या मैफलीला हजर असणे म्हणजे नेमके काय? सुरत-भुसावळ लोहमार्गावरच्या नरडाण्यात हा प्रश्न निव्वळ तात्त्विक राहत नाही. ७ सप्टेंबर २०१३ रोजी श्रीनगरच्या शालिमार बागेत झुबिन मेहतांनी बव्हेरियन स्टेट ऑर्केस्ट्राचे संचालन केले. आम्ही ते दूरदर्शनच्या थेट प्रक्षेपणात पाहिले. घरातले एक वडीलधारे थोडा वेळ पाहून म्हणाले, "हाऊ तं काहीच वाजाडत नही!"

आक्षेप रास्त होता. खान्देशातल्या लग्नाचा बँडमास्तर स्वतः क्लॅरिनेट फुंकतो आणि मान हलवून बाकीच्यांना वळवतो. मेहतांच्या हातात फक्त छडी. मग त्यांचे कर्तृत्व कुठे शोधायचे?

त्या दिवशीच्या बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीत याचे उत्तर सापडते. तिचे चार ठोके सर्वांना ठाऊक असतात. पण स्वरलिपीत त्यांच्याआधी एक छोटा विराम लिहिलेला आहे. म्हणजे संचालकाचा पहिला आघात कोणीच वाजवत नाही. आपल्याकडे तालाची खाली हात उलटा करून दाखवतात, तिची येथे आठवण होते. फरक इतकाच, की खालीच्या मात्रेला तबल्याचा बोल असतो. येथे मात्र शांतताच मोजायची असते. ती मोजणी ढिली पडली तर सारा वृंद विस्कळीत होतो. तिसऱ्या भागातून चौथ्यात जाताना तंतुवाद्यांचे स्वर धरून ठेवलेले असतात आणि त्यांच्याखाली टिंपनी हलकेच ठोकत राहते. तेथे संचालकाने घाई आवरायची असते. ट्रॉम्बोनवादक तर तीन भाग गप्प बसून चौथ्यातच वाजवतात. वृंदाला असे थांबवून धरणे हे संचालकाचे खरे काम.

मुंबईत १९३६ साली जन्मलेल्या मेहतांना हा वारसा घरातूनच मिळाला. वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. पुढे १९५४ मध्ये झुबिन व्हिएन्नाला गेले आणि हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे शिकले. त्यांच्याविषयीचा आदर केवळ 'आपला माणूस' म्हणून नाही. त्यामागे ही तालीम आहे.

प्रक्षेपणाने मात्र ही तालीम झाकली. कॅमेरा संचालकाच्या चेहऱ्यावर रेंगाळला, की गप्प बसलेला ट्रॉम्बोनवादक दिसत नाही, आणि एका माणसाने सारे घडवले असा भ्रम होतो. सभागृहातला श्रोता हवे तिकडे पाहतो; आमची नजर दुसऱ्याने ठरवलेली होती.

त्याहून मोठी अडचण बागेच्या फाटकाशी होती. कार्यक्रम निमंत्रितांपुरता होता, बाहेर कडक बंदोबस्त होता, खोऱ्यात बंद पुकारला होता आणि श्रीनगरमध्येच 'हकीकत-ए-कश्मीर' नावाचा समांतर कार्यक्रम झाला. काश्मिरी वादकांना व्यासपीठावर स्थान मिळाले, हे खरे. पण ज्यांच्यासाठी हे संगीत म्हटले गेले, त्यातले बहुतेक बाहेरच राहिले. पुढच्या वेळी सर्वांना येता यावे, अशी इच्छा खुद्द मेहतांनीही व्यक्त केली होती.

म्हणून या मैफलीचे मोल दोन निकषांवर ठरवावे लागते. संगीत म्हणून तिने आम्हांला एका विरामाचे वजन शिकवले. सोहळा म्हणून ती अपुरी राहिली. संगीत थोर होते एवढ्याने ही उणीव भरून निघत नाही, आणि उणीव होती म्हणून वादन खोटेही ठरत नाही. समीक्षकाने एका निकषाचा निकाल दुसऱ्यावर लादू नये.

नरडाण्यातल्या वरातीला निमंत्रण लागत नाही. बँडमास्तर वळून मागच्यांकडे पाहतो, तेव्हा रस्त्यावर उभा असलेला अनोळखी माणूसही श्रोताच असतो. शालिमारमध्ये कसबाची वाण नव्हती, हा मोकळेपणा तेवढा हवा होता.