पाच आणि शंभर

भिवापूरच्या बाजारात जाणकार गिऱ्हाईक पोत्यावरच्या नावाला भुलत नाही. मूठभर मिरची हातात घेतो, रंग बघतो, एखादी मोडून हुंगतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज या मेल सर्व्हरच्या स्टँडर्ड आणि एंटरप्राइझ या दोन आवृत्त्याही अशाच मोडून बघाव्यात.

मोडल्यावर आत एकच माल निघतो. इन्स्टॉल करायची फाइल तीच, सेटअप तोच. प्रॉडक्ट की टाकली नाही तर ती ट्रायल. 25 अक्षरांची की टाकली की आवृत्ती ठरते. एक्सचेंज 2019 मध्ये फरक उरतो तो एका आकड्याचा: स्टँडर्ड एका सर्व्हरवर 5 डेटाबेस माउंट करू देते, एंटरप्राइझ 100. एक सर्व्हर पडला तर दुसऱ्याने काम उचलायची सोय स्टँडर्डमध्येही आहे; फक्त त्यासाठी ठेवलेल्या डेटाबेसच्या प्रतीही या पाचातच मोजल्या जातात.

या आकड्याची खुमारी जुन्या आवृत्तीशेजारी ठेवल्यावर कळते. एक्सचेंज 2003 च्या स्टँडर्डला मेलच्या साठ्याचीच मर्यादा होती, 16 जीबी. 2005 च्या सर्व्हिस पॅक 2 ने ती 18 केली आणि रजिस्ट्रीत बदल केला तर 75 पर्यंत वाढवू दिली. सर्व्हर रोज पहाटे 5 वाजता साठा तपासायचा. मर्यादा ओलांडलेली राहिली की डेटाबेस डिसमाउंट, म्हणजे बंद. किमतीतली काटकसर संस्थेची, पण मेल अडायचा टेबलाशी बसलेल्या कारकुनाचा.

नव्या रचनेत ही झळ कारकुनापर्यंत पोचत नाही. डेटाबेस जितके जास्त तितका प्रत्येक लहान. एक बिघडला तर थोड्याच लोकांचे मेल थांबतात आणि बॅकअपवरून तो लवकर उभा राहतो. म्हणजे 5 की 100 हा प्रश्न सर्व्हर सांभाळणाऱ्याचा. कर्मचाऱ्याला लागणारं आर्काइव्ह आवृत्तीत नाहीच. ते एंटरप्राइझ कॅल या माणशी घ्यायच्या परवान्यात येतं, आणि ती कॅल स्टँडर्ड सर्व्हरवरही चालते. कुंपण कुठे घालायचं, याची ही जाण मला दाद देण्याजोगी वाटते.

हजारो मेलबॉक्सच्या संस्थेला पाच डेटाबेस तोकडे पडतील. तालुक्याच्या पतसंस्थेने मात्र नावाच्या वजनाला भुलून एंटरप्राइझ घेतली, तर मेल आधीइतकेच येतील, 95 डेटाबेसची जागा रिकामी राहील. आणि स्टँडर्डवर परतायचं तर नुसती की बदलून भागत नाही, सर्व्हर नव्याने उभा करावा लागतो.